घरातला करंट : नागमोडी आणि सरळ

मोबाइलचा चार्जर सॉकेटमधून काढा आणि उजेडात धरून त्याच्या अंगावरची बारीक अक्षरं वाचा. डोळ्यांना झेपत नसेल तर फोनवर फोटो काढून मोठा करा. ‘इनपुट’पुढे १०० ते २४० व्होल्ट, मग एक छोटीशी नागमोडी रेघ, ५०/६० हर्ट्झ आणि ०.३ अँपिअर असं काहीसं छापलेलं असतं. खालच्या ओळीत ‘आउटपुट’पुढे ५ व्होल्ट, मग एक सरळ रेघ, तिच्याखाली तीन तुटक रेघा, आणि २ अँपिअर. भिंतीतून येतो तो नागमोडी रेघेचा करंट, म्हणजे एसी. फोनच्या बॅटरीला लागतो तो सरळ रेघेचा, म्हणजे डीसी. चार्जर २३० व्होल्टच्या एसीचा ५ व्होल्टचा डीसी करून देतो. पाठ्यपुस्तकात यांना प्रत्यावर्ती आणि दिष्ट प्रवाह म्हणतात. वायरमन एसी-डीसी म्हणतो, आपणही तेच म्हणू.

या अक्षरांतले व्होल्ट बहुतेकांना पाठ असतात. अँपिअरकडे कुणी ढुंकून बघत नाही. वास्तविक सॉकेट काळं पडतं, वायर वितळते, माणूस दगावतो, ते किती अँपिअर वाहिले यावर. दुसरा एक समज असा, की डीसी म्हणजे खेळण्यातल्या सेलसारखा, त्यानं काय होतंय! घरात टॉर्च आणि रेडिओ एवढाच डीसी होता तेव्हा हे खपून गेलं. आता जिन्याखाली इन्व्हर्टरची बॅटरी आहे, पार्किंगमध्ये ई-स्कूटर आहे, गच्चीवर सोलर आहे. तेव्हा आधी अँपिअर समजून घेऊ आणि मग डीसीकडे वळू.

अँपिअरचा हिशेब

तांब्याच्या तारेत सुटे इलेक्ट्रॉन आधीपासूनच खच्चून भरलेले असतात. ते एका दिशेनं सरकू लागले की विद्युतप्रवाह सुरू झाला. तारेच्या एखाद्या ठिकाणाहून दर सेकंदाला किती विद्युतभार पुढे गेला याचं माप म्हणजे अँपिअर. १ अँपिअरमध्ये सेकंदाला सुमारे ६२ वर सतरा शून्यं इतके, म्हणजे अब्जावधींचे अब्जावधी इलेक्ट्रॉन जातात. मात्र त्यांची चाल गोगलगायीला लाजवील अशी असते. घरातल्या दीड चौरस मिलिमीटरच्या तारेतून १ अँपिअर डीसी वाहत असेल तर इलेक्ट्रॉन तासाभरात जेमतेम वीतभर सरकतो. तरी बटण दाबताच दिवा लागतो, कारण पाइपलाइन पाण्यानं भरलेली असली की मोटर सुरू करताच वावराच्या दुसऱ्या टोकाला पाणी पडतं, तसंच हे आहे. एसीमध्ये तर इलेक्ट्रॉन कुठे जातच नाही. जागच्या जागी मागे-पुढे होतो, तेही केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाहून कमी. वीज कंपनी आपल्याला इलेक्ट्रॉन विकत नाही, ते आपल्याच तारेतले असतात. ती विकते त्यांना हलवणारी ऊर्जा.

या इलेक्ट्रॉनना ढकलणारा जोर म्हणजे व्होल्ट. वाटेत होणारी अडवणूक म्हणजे रोध, तो ओहममध्ये मोजतात. व्होल्टला ओहमनं भागलं की अँपिअर मिळतात. घरी मात्र याहून सोपा हिशेब पुरतो : उपकरणावर लिहिलेले वॉट भागिले २३०. नऊ वॉटचा एलईडी दिवा ०.०४ अँपिअर घेतो. हजार वॉटची इस्त्री साडेचारच्या आत-बाहेर. दोन हजार वॉटचा गिझर किंवा इंडक्शन शेगडी जवळजवळ ९. तीन हजार वॉटचा इन्स्टंट गिझर १३.

आता भिंतीवरचा बोर्ड बघा. लहान सॉकेट ६ अँपिअरचं असतं आणि मोठं १६ चं. बाजारात जाड पिनेचा प्लग लहान सॉकेटात बसवणारं ‘कन्व्हर्टर’ मिळतं, चाळीस-पन्नास रुपयांना. इंडक्शन शेगडीचा मोठा प्लग त्या कन्व्हर्टरमधून लहान सॉकेटात गेला, की सहाच्या जागी नऊ अँपिअर वाहू लागतात. हे दीडपट झालं. पण तारेतली उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे ती सव्वादोनपट होते. वरण शिजेपर्यंत काही होत नाही. महिन्या-दोन महिन्यांत सॉकेटच्या भोकांभोवतीचं पांढरं प्लॅस्टिक पिवळसर पडतं, मग तपकिरी. प्लगच्या पिनेवर निळसर-काळा डाग चढतो, आतली स्प्रिंगची पकड सैल होते. पकड सैल झाली की तिथला रोध वाढतो, रोध वाढला की उष्णता आणखी वाढते, आणि पकड आणखी सैल होते. शेवटी एखाद्या संध्याकाळी माशासारखा कुबट वास येतो. तो वास प्लॅस्टिक जळण्याचा असतो. असा वास आला तर मेन बंद करा आणि सॉकेट बदलून घ्या. प्लग हलवून ‘आता लागतंय’ म्हणणं हा उपाय नाही.

एक्स्टेंशन बोर्डाचंही तेच. त्याला चार भोकं असली तरी भिंतीत जाणारी वायर एकच असते, आणि स्वस्तातल्या बोर्डांची ती करंगळीच्या टोकाएवढीही जाड नसते. त्यावर टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, फोन खुशाल चालवा. इस्त्री, हीटर, गिझर आणि शेगडी थेट भिंतीच्या मोठ्या सॉकेटात. फ्लॅटचं वायरिंग नव्यानं करायचं असेल तर साधारणपणे दिव्यांना दीड, मोठ्या सॉकेटना अडीच आणि एअर कंडिशनर किंवा मोठ्या गिझरला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरतात. वायरमन म्हणाला ‘एवढ्या जाडीची कशाला, उगाच खर्च’, तरी इथे काटकसर करू नका.

एसी कशासाठी?

चुंबकाजवळ तारेचं वेटोळं फिरवलं की त्यात करंट निर्माण होतो, आणि अर्ध्या फेरीनंतर तो उलट दिशेला वाहतो. म्हणजे फिरणाऱ्या यंत्रातून एसी आपसूकच मिळतो. कोयनेचं पाणी असो की चंद्रपूरचा कोळसा, शेवटी फिरवायचं जनित्रच. भारतात ही उलटापालट सेकंदाला ५० वेळा पूर्ण होते, ते ५० हर्ट्झ. प्रत्येक आवर्तनात करंट दोनदा शून्यावर येतो. ही ‘सेकंदाला शंभरदा शून्य’ची गोष्ट लक्षात ठेवा, सोलरच्या वेळी लागेल. आणखी एक : २३० हे एक प्रकारचं सरासरी माप आहे. लाटेच्या माथ्यावर खरा आकडा सव्वातीनशेपर्यंत जातो.

सुरुवातीला मात्र डीसीच होता. एडिसननं १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र काढलं ते ११० व्होल्ट डीसीचं. त्याची वीज मैलभर लांब जाईपर्यंत दिवे मंद होत. त्यावर उतारा ट्रान्सफॉर्मरचा. तो व्होल्टेज हवं तसं चढवतो-उतरवतो, पण फक्त एसीवर चालतो. व्होल्टेज दहापट चढवलं की तेवढीच वीज दहाव्या हिश्शाच्या करंटनं पोचते, आणि वाटेतली उष्णता शंभराव्या हिश्शावर येते. जगभर एसीचं राज्य आलं ते या एका हिशेबामुळे.

मुंबईकरांनी हा हिशेब लोकलमध्ये उभ्यानं अनुभवलाय. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. गाडी जागेवरून उचलायला लागणारा दणका त्या काळी डीसी मोटरच चांगला देत असे. पण समजा गाडीला ३००० किलोवॉट लागले, तर १५०० व्होल्टला २००० अँपिअर खेचावे लागतात. २५,००० व्होल्टच्या एसीवर तीच गाडी १२० अँपिअरमध्ये चालते. जाड तारा आणि दर काही किलोमीटरला सबस्टेशन, हा डीसीचा पसारा गाड्या वाढल्यावर पेलेना. पश्चिम रेल्वेनं २०१२ मध्ये आणि मध्य रेल्वेच्या हार्बर मार्गानं २०१६ मध्ये डीसीला निरोप दिला.

पण डीसी हरला असं समजू नका. चंद्रपूरची वीज मुंबईच्या दिशेला आणणारी एक वाहिनी पडघ्यापर्यंत येते, साडेसातशे किलोमीटर. ती १९९० च्या दशकाच्या अखेरीला सुरू झाली आणि ती चक्क डीसी आहे, अधिक-उणे पाच लाख व्होल्टची. फार लांबच्या पल्ल्यावर एसीच्या सततच्या उलटापालटीनं होणारे तोटे डीसीत टळतात. दोन्ही टोकांना रूपांतराची केंद्रं उभारावी लागतात, त्यामुळे जवळच्या अंतराला ते परवडत नाही.

घरात आलेला डीसी

इन्व्हर्टरची बॅटरी १२ व्होल्टची. दोन्ही टर्मिनलना कोरड्या बोटांनी हात लावला तरी शॉक बसत नाही, म्हणून तिला कुणी गंभीरपणे घेत नाही. आता अँपिअर बघा. वीज गेल्यावर तीन पंखे, चार दिवे, टीव्ही आणि राउटर मिळून ४०० वॉट चालले तर २३० व्होल्टच्या बाजूला पावणेदोन अँपिअर वाहतात. तेच ४०० वॉट बॅटरीकडून १२ व्होल्टला घ्यायचे म्हणजे ३३ अँपिअर, आणि इन्व्हर्टरची स्वतःची गळती धरली तर चाळीसच्या घरात. म्हणूनच बॅटरीच्या वायरी अंगठ्याएवढ्या जाड असतात आणि म्हणूनच तिथलं सैल कनेक्शन भिंतीतल्या सॉकेटपेक्षा लवकर तापतं. टर्मिनलवर पांढरट-हिरवट बुरशीसारखं साचलं असेल तर इन्व्हर्टर बंद करून, वायरी सोडवून ते पुसून घ्यावं आणि नट पुन्हा घट्ट करून वर व्हॅसलिनचा हात फिरवावा. हे काम करताना हातातली अंगठी, कडं, घड्याळाचा धातूचा पट्टा काढून ठेवा. पाना चुकून दोन्ही टर्मिनलना एकाच वेळी टेकला तर शेकडो अँपिअर वाहतात, पाना लालबुंद होतो, आणि अंगठी त्या वाटेत आली तर बोटात तापते. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा ती देवघराशेजारच्या बंद कपाटात ठेवू नये. समईची ज्योत आणि हायड्रोजन यांचं जमत नाही.

सोलरची गोष्ट निराळी. तिथे अँपिअर बेताचे असतात, दहा-बारा, पण व्होल्टेज चढं असतं. एकेक पॅनेल चाळीस-पन्नास व्होल्टचं असलं तरी गच्चीवर ती एकामागे एक जोडलेली असतात. सहा पॅनेल जोडली की अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी तयार. घराचा मेन स्विच बंद केला तरी ऊन आहे तोवर पॅनेलपासून सोलर इन्व्हर्टरपर्यंतची वायर जिवंतच राहते. गच्चीवर पाण्याची टाकी धुणाऱ्याला, डिशचा अँटेना लावायला आलेल्याला, पतंग काढायला चढलेल्या पोराला हे कुणीतरी सांगायला हवं.

आता ते ‘सेकंदाला शंभरदा शून्य’. करंट वाहत असताना स्विच उघडला की दोन टोकांमध्ये ठिणगी पडते. एसीत शून्य आलं की ती विझते. डीसीत शून्य येतच नाही, त्यामुळे ठिणगीची जाळ बनून राहणारी रेघ होते आणि ती प्लॅस्टिक वितळवते. एसीसाठी बनवलेला स्विच किंवा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) सोलरच्या डीसी बाजूला बसवला, तर ऐनवेळी तो तोडण्याऐवजी पेटतो. डीसी आयसोलेटर आणि डीसीचे एमसीबी वेगळे मिळतात. त्यांच्यावर आपली ती सरळ रेघ आणि तुटक रेघा छापलेल्या असतात. सोलर बसवणाऱ्याचं काम झाल्यावर डबा उघडायला लावून एवढी खूण स्वतः बघा, आणि नागमोडी रेघ दिसली तर पैसे देण्याआधी बदलून घ्या. पॅनेलच्या वायरींचे प्लग चालू स्थितीत उपटायचे नाहीत. आधी आयसोलेटर बंद, मग प्लग.

खिशातल्या टेस्टरवर इथे भरवसा ठेवू नका. त्यातला निऑनचा दिवा लागायला साठ-सत्तर व्होल्ट तरी लागतात आणि करंटला टेस्टर धरणाऱ्याच्या अंगातून जमिनीपर्यंत वाट लागते. सोलरच्या कित्येक जोडण्यांत ती वाट नसते. टेस्टर पेटला नाही, म्हणून वायरीत काही नाही, असं गच्चीवर म्हणता येत नाही. मल्टिमीटर वापरणाऱ्यांनी त्याची चकती सरळ रेघेच्या खुणेवर आणावी.

थ्री फेज आणि गावाकडची डीपी

एसीचंच मोठं रूप थ्री फेज. तीन तारा, तिन्हींतली लाट एकमेकींच्या एक तृतीयांश मागे. एका फेजपासून न्यूट्रलपर्यंत २३० व्होल्ट, दोन फेजमध्ये ४००. पंपाच्या मोटरला हे सोयीचं, कारण तिन्ही लाटांच्या ओळीनं येण्यातून फिरतं चुंबकक्षेत्र आयतं मिळतं. पाच हॉर्सपॉवरची मोटर प्रत्येक फेजवर सात-आठ अँपिअर घेते. एक फेज गेला की मोटर घूं घूं करत उरलेल्या दोन फेजवर बराच जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग जळतं. स्टार्टरमधला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर याचसाठी असतो. तो ‘सारखा ट्रिप होतोय’ म्हणून बायपास करणारे मेकॅनिक आहेत, आणि वाइंडिंगवाल्याचं दुकान त्यांच्याच जिवावर चालतं.

शेतकऱ्याला कंटाळा येणं समजण्यासारखं आहे. लाइट येणार रात्री एकला, बिबट्याची भीती, आणि मोटर सुरू करायला पंपापर्यंत चालत जायचं. म्हणून ‘ऑटो’ बसवतात, वीज आली की मोटर आपोआप सुरू. पण मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहापट करंट घेते. डीपीवरचे, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचे, वीस पंप एकाच क्षणी ऑटोनं उचलले की डीपीचा फ्यूज उडतो किंवा डीपीच जळते, आणि मग आठवडाभर कुणालाच पाणी नाही. ऑटो लावायचाच असेल तर काही मिनिटं थांबून सुरू करणारा टायमर त्यात हवा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तो वेगवेगळ्या वेळेला लावायला हवा. सोबत मोटरला साजेसा कपॅसिटर बसवला तर तेवढ्याच पाण्याला डीपीवरून कमी करंट लागतो.

थ्री फेजचा एक फटका घरांनाही बसतो. खांबावरची न्यूट्रल तुटली की कुणाच्या घरी २३० च्या जागी साडेतीनशेपर्यंत व्होल्ट येतात, कुणाच्या घरी शंभर. दिवे एकाएकी प्रखर झाले, पंखा सुसाट सुटला, तर कारण शोधत बसू नका. आधी मेन बंद करा, मग १९१२ वर फोन.

एमसीबी आणि आरसीसीबी

कोरड्या हाताच्या कातडीचा रोध हजारो ओहम असतो. ओल्या अंगाचा हजाराच्या आसपास उतरतो. २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपिअर, २३० मिलिअँपिअर. पन्नास हर्ट्झच्या एसीत दहाएक मिलिअँपिअरला मूठ आवळली जाते आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. तीसच्या वर श्वास आणि हृदय धोक्यात येतं. तेवढ्याच अँपिअरचा डीसी हृदयाला तुलनेनं कमी घातक असतो, भाजतो मात्र वाईट.

आता एमसीबी. सोळा अँपिअरचा एमसीबी १६,००० मिलिअँपिअरच्या वर गेल्याशिवाय पडत नाही. २३० मिलिअँपिअर त्याच्या खिजगणतीतही नाहीत. तो वायर वाचवतो, तुम्हाला नाही. माणसासाठी असतो आरसीसीबी. फेजनं जितका करंट आत गेला तितका न्यूट्रलनं परत आला का, एवढंच तो बघतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे कुठून तरी, कदाचित कुणाच्या अंगातून, करंट जमिनीत चाललाय, की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तोडतो. त्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. पडला नाही तर आरसीसीबी बदला. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी धरले तर त्याला काही कळत नाही, आणि सोलरच्या डीसी बाजूला त्याचा उपयोग नाही.

जुन्या वाड्यांत, चाळींत अजून किटकॅट फ्यूज आहेत आणि त्यात तांब्याची जाड तार पिळून घातलेली असते. त्या घरांनी निदान बाथरूम आणि स्वयंपाकघराच्या लाइनला तरी आरसीसीबी लावून घ्यावा. अर्थिंग असेल तर लोखंडी अंगाच्या गिझरमध्ये गळती होताच तो पडतो. अर्थिंग नसेल तर कुणीतरी हात लावेपर्यंत वाट बघतो. प्लगची वरची जाड, लांब पिन अर्थिंगची असते. ती तोडून प्लग दोन पिनी करणं म्हणजे तो वाट बघणारा कुणीतरी कोण, हे ठरवून ठेवणं.

पावसाळ्यात आणखी एक जागा तपासा. कपडे वाळत घालायला ओढलेली लोखंडी तार पत्र्याच्या शेडला किंवा खांबाच्या तणावाला बांधलेली असते, आणि सर्व्हिस वायर वर्षानुवर्षं पत्र्याच्या कडेला घासत असते. ओला टॉवेल टाकायला गेलेली बाई चिकटते, तिला ओढायला गेलेला मुलगा चिकटतो. तिथे नायलॉनची दोरी बांधा.

आणि कुणी चिकटलंच, तर अंगाला हात न लावता पहिल्यांदा मेन बंद करा. मेन लांब असेल तर कोरड्या फळीवर किंवा प्लॅस्टिकच्या स्टुलावर उभं राहून कोरड्या लाकडी काठीनं वायर दूर करा. हे फक्त घरातल्या विजेसाठी; रस्त्यावर तुटून पडलेल्या तारेच्या आसपासही जायचं नाही, जवळ असाल तर पाय न उचलता छोटी छोटी पावलं घासत मागे सरका. माणूस सुटल्यावर श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोरात दाबत राहा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, आणि दुसऱ्या कुणाला तरी १०८ ला फोन लावायला सांगा. तो उठून बसला, ‘काही झालं नाही’ म्हणाला, तरी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढून घ्या. हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात.